गर्भवती व स्तनदा मातांमधील ड जीवनसत्त्व

ड जीवनसत्त्व हे मेदात विरघळणारे जीवनसत्त्व असून अन्नातील कॅल्शियम व फॉस्फरस आतड्यातून शोषले जाण्यासाठी ते आवश्यक असते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे ते त्वचेत तयार होते. गर्भाला ते मातेच्या रक्तातूनच मिळत असल्याने मातेतील कमतरता नवजात बालकातही उतरते. रक्तातील प्रमाण प्रतिमिलिलिटर २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असल्यास सामान्यतः कमतरता मानली जाते.

खानदेशातील संदर्भ

जळगाव व धुळे जिल्ह्यांत वर्षातील बहुतेक काळ भरपूर ऊन असते. तथापि ते त्वचेपर्यंत पोहोचतेच असे नाही. शेतात काम करतानाही स्त्रियांचे अंग साडी व पदराने झाकलेले असते. उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडणे टाळले जाते, तर बाळंतिणीने सव्वा महिना घरातच राहण्याची प्रथा आहे. डिंकाचे व मेथीचे लाडू पौष्टिक असले, तरी त्यांतून हे जीवनसत्त्व पुरेसे मिळत नाही.

स्तनपान व प्रतिबंध

आईच्या दुधातही ड जीवनसत्त्व अल्प असते. त्यामुळे स्तनपान सुरू ठेवून बाळाला रोज ४०० एकके थेंबांच्या रूपात देण्याची शिफारस बालरोगतज्ज्ञ करतात. दीर्घकालीन कमतरतेमुळे बालकास मुडदूस होऊ शकतो. भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गर्भारपणाच्या १४ व्या आठवड्यापासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत मातेने रोज दोन गोळ्या घ्यावयाच्या असतात. प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम व २५० एकके ड जीवनसत्त्व असते. ही गोळी लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये. दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे.