दोरी, हात आणि यंत्र : पॅराशूट-उडीची साधने व शिक्षण यांचा इतिहास

१

पॅराशूटचा इतिहास सामान्यतः धाडसी पुरुषांच्या व स्त्रियांच्या पराक्रमांची मालिका म्हणून सांगितला जातो. त्या मालिकेत तारखा असतात, उंचीचे विक्रम असतात आणि मृत्यूही असतात. परंतु ह्या विद्येचे मर्म ज्या प्रश्नात साठविलेले आहे तो प्रश्न बहुधा बाजूस राहतो. पडणाऱ्या माणसाच्या डोक्यावरील छत्री उघडावयाची कोणी? विमानास बांधलेल्या दोरीने, उडी घेणाऱ्याच्या हाताने, की त्याच्या पाठीवरील यंत्राने? गेल्या दोन शतकांत ह्या प्रश्नाची उत्तरे वारंवार बदलली, आणि प्रत्येक बदलाबरोबर नवशिक्याला द्यावयाच्या शिक्षणाचे स्वरूपही बदलले. प्रस्तुत लेखात ह्या एका सूत्राच्या आधारे त्या इतिहासाचा मागोवा घेतला आहे.

आरंभी शब्दाचा विचार करणे उपयुक्त ठरेल. ‘पॅराशूट’ हा शब्द लुई सेबास्तियन लेनोर्मां ह्या फ्रेंच गृहस्थाने बनविला. त्याच्या उत्तरार्धात ‘पडणे’ ह्या अर्थाचा फ्रेंच शब्द असून पूर्वार्धाचा अर्थ ‘वारणे’ असा आहे. म्हणजे हा शब्द वस्तूच्या आकाराचे वर्णन करीत नाही, तिचे कार्य सांगतो : पतनाचे निवारण. मराठीने ‘हवाई छत्री’ असा शब्द योजिला तेव्हा तिने आकार पकडला व कार्य सोडून दिले. छत्री उघडण्यात कोणालाही संकट दिसत नाही. परंतु पॅराशूटच्या इतिहासातील बहुतेक सर्व संकटे छत्री उघडण्याच्या त्या क्षणाभोवतीच गोळा झालेली आहेत.

लेनोर्मां याने १७८३ च्या डिसेंबरात मोंपेलिये येथील वेधशाळेच्या मनोऱ्यावरून उडी घेतली. आगीत सापडलेल्या घरांतून माणसांना सुखरूप खाली उतरविता यावे, हा त्याचा हेतू होता. त्याचे साधन सांगाड्यावर ताणलेले, म्हणजे आधीच उघडलेले होते. त्यामुळे उघडण्याचा प्रश्न त्याच्यापुढे उभाच राहिला नाही. हा प्रश्न पुढे आणला तो आंद्रे-झाक गार्नेरें याने. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिस येथील मोंसो उद्यानावर, सुमारे ३००० फूट उंचीवर, त्याने आपल्या फुग्याचा दोर कापला. त्याच्या टोपलीवरील रेशमी छत्रीला सांगाडा नव्हता. ती मिटलेल्या अवस्थेत वर गेली व पडताना वाऱ्याने उघडली. उतरताना मात्र ती घड्याळाच्या लंबकाप्रमाणे भयंकर हेलकावे खाऊ लागली. घुमटाखाली कोंडलेली हवा कधी ह्या कडेने तर कधी त्या कडेने निसटत असल्यामुळे असे होत असे. पुढे घुमटाच्या माथ्यावर भोक ठेवण्याची युक्ती रूढ झाली आणि हेलकावे कमी झाले.

हेलकाव्यांचा दोष दुसऱ्या मार्गाने दूर करू पाहणारा रॉबर्ट कॉकिंग हा इंग्रज चित्रकार ह्या इतिहासातील पहिला मोठा धडा देऊन गेला. घुमट उलटा केला, म्हणजे शंकूचे टोक खाली ठेवले, तर साधन स्थिर राहील, हे त्याचे अनुमान तत्त्वतः चुकीचे नव्हते. परंतु त्याच्या सांगाड्याचे वजन सुमारे २५० पौंड झाले होते. २४ जुलै १८३७ रोजी लंडनवर, वयाच्या ६१ व्या वर्षी, त्याने पहिली व अखेरची उडी घेतली. सांगाडा हवेत मोडला आणि कॉकिंग मरण पावला. एका दोषावर उपाय करताना दुसरा दोष निर्माण होतो, ही गोष्ट पुढील काळातही अनेकदा प्रत्ययास आली.

२

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फुग्यांतून उड्या मारणे हा जत्रेतील खेळ बनला होता. पॅराशूटची पिशवी फुग्यास बांधलेली असे व उडी मारणाऱ्याच्या वजनाने ते ओढले जाऊन उघडे. १ मार्च १९१२ रोजी अमेरिकेत सेंट लुईसजवळ आल्बर्ट बेरी याने चालत्या विमानातून उडी घेतली तेव्हाही हीच पद्धत वापरण्यात आली. पॅराशूट विमानाखालच्या शंकूच्या आकाराच्या डब्यात होते आणि बेरीच्या वजनाने ते बाहेर आले. उघडण्याचे काम दोरीचे. माणसाने फक्त पडावयाचे.

पहिल्या महायुद्धात फुग्यांतील टेहळ्यांचे प्राण ह्या पद्धतीने वाचले. विमानाच्या बाबतीत मात्र तिचा दोष उघड झाला. गिरक्या घेत कोसळणाऱ्या विमानाच्या शेपटीत दोरी व छत्री गुंतली, तर विमान आपल्याबरोबर माणसालाही खाली नेई. म्हणून माणसाने आधी विमानापासून दूर व्हावे आणि मग स्वतःच्या हाताने छत्री उघडावी, ही कल्पना पुढे आली. परंतु हवेतून वेगाने पडणाऱ्या माणसाची शुद्ध हरपते, त्याचा हात हलू शकत नाही, असा समज त्या काळी चांगल्या जाणकारांतही प्रचलित होता. दोरीवरील विश्वासाच्या मुळाशी हाताविषयीचा हा अविश्वास होता.

हा समज २८ एप्रिल १९१९ रोजी ओहायो राज्यातील मॅककुक फील्ड येथे खोटा ठरला. मेजर हॉफमन यांच्या देखरेखीखाली फ्लॉइड स्मिथ आदींनी तयार केलेले, पाठीवर बांधावयाचे पॅराशूट घेऊन लेस्ली अर्विन याने विमानातून उडी घेतली, विमानापासून दूर झाल्यावर कडी ओढली, आणि छत्री उघडली. जमिनीवर येताना त्याचा घोटा मोडला. परंतु त्याच्या हाताने आपले काम बजावले होते.

येथपर्यंतची हकीकत सर्वज्ञात आहे. शिक्षणाच्या दृष्टीने तिच्याहून अधिक महत्त्वाची घटना त्याच मॅककुक फील्डवर २० ऑक्टोबर १९२२ रोजी घडली. लेफ्टनंट हॅरॉल्ड हॅरिस याचे विमान हवेत मोडले आणि त्याने बाहेर उडी घेतली. तो शुद्धीवर होता व त्याचा हात हलत होता. पण तो हात पुन्हा पुन्हा ओढीत होता ती पॅराशूटची कडी नव्हती, पायाच्या पट्ट्यावरील कडी होती. योग्य कडी हाती लागली तेव्हा जमीन अगदी जवळ आली होती. हॅरिस बचावला. अर्विनने पडणारा हात चालतो हे सिद्ध केले होते. चालणारा हात योग्य ठिकाणी जाईलच असे नाही, हे हॅरिसच्या अनुभवाने सिद्ध केले. पॅराशूट-शिक्षणाची खरी गरज येथून सुरू होते, असे म्हणावयास हरकत नाही.

३

दुसऱ्या महायुद्धात प्रश्न बदलला. एकट्या वैमानिकाऐवजी शेकडो सैनिकांना, कमी उंचीवरून, अंधारात, ओझ्यासह उतरवावयाचे होते. कडी शोधण्यास त्यांच्यापाशी वेळ नव्हता व उंचीही नव्हती. साहजिकच लष्कराने पुन्हा दोरीचा आश्रय घेतला. इंग्लंडमधील रिंगवे येथे १९४० मध्ये सुरू झालेल्या शिक्षणात भर होता तो उघडण्यावर नव्हे, तर विमानाबाहेर पडण्याच्या रीतीवर आणि जमिनीवर टेकताना पाय जुळवून घ्यावयाच्या लोळणीवर. ब्रिटिश सैनिकांनी त्या युद्धात राखीव पॅराशूटविनाच उड्या घेतल्या. अमेरिकन सैनिकांच्या छातीवर मात्र राखीव पॅराशूट असे. दोरीवर किती भरवसा टाकावयाचा, याविषयी मित्रराष्ट्रांतही एकमत नव्हते, हे यावरून दिसून येते.

भारतात १५ ऑक्टोबर १९४१ रोजी कराची येथे लेफ्टनंट रंगराज आणि हवालदार-मेजर मथुरा सिंग यांनी उड्या घेतल्या. पॅराशूटने उतरणारे भारतीय सेनेतील ते पहिले भारतीय सैनिक होत. फाळणीनंतर हे शिक्षण आग्रा येथे केंद्रित झाले. १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण तीत दुसरी पलटण म्हणून समाविष्ट झाली. ह्याच पलटणीने ११ डिसेंबर १९७१ रोजी पूर्व बंगालमधील तंगाइल येथे उडी घेऊन पुंगलीचा पूल ताब्यात घेतला. दोरीच्या पद्धतीचे सामर्थ्य अशा प्रसंगी दिसते : शिक्षण थोडक्यात आटोपते, सर्वांच्या छत्र्या एकाच उंचीवर उघडतात, आणि उतरल्यावर पलटण विखुरलेली राहत नाही.

४

खेळ म्हणून उडी घेणाऱ्याला मात्र पडण्याचा अवधीच हवा असतो. माणूस पोट खाली करून पडू लागला की दहाबारा सेकंदांत त्याचा वेग ताशी सुमारे १२० मैलांवर स्थिरावतो, आणि नंतर दर साडेपाच सेकंदांस साधारण १००० फूट उंची सरते. झाक-आंद्रे इस्टेल याने १९५९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील ऑरेंज येथे सुरू केलेल्या केंद्रात व पुढे इतरत्र जी शिक्षणपद्धती रूढ झाली, तिने दोरी व हात यांची मोठ्या कुशलतेने सांगड घातली. विद्यार्थ्याच्या पहिल्या उड्या दोरीने उघडणाऱ्या असत. परंतु त्याच उड्यांत त्याला एक खोटी कडी ओढावी लागे. दोरी छत्री उघडीत असताना हात आपली जागा शिकत असे. हात अचूक जातो, पाठीची कमान सुटत नाही, अशी शिक्षकाची खात्री झाल्यावरच कडी खरी होई. मग पाच सेकंद, मग दहा सेकंद, असा अवधी वाढविला जाई. हॅरिसच्या चुकीचे हे संस्थात्मक उत्तर होय. १९८० नंतरच्या दशकात ह्याच्या शेजारी दुसरी पद्धत आली. तीत दोन शिक्षक विद्यार्थ्याला दोन्ही बाजूंनी धरून १०००० फुटांहून अधिक उंचीवरून त्याच्यासह पडतात आणि त्याने उंचीमापक पाहून स्वतः उघडावे, अशी अपेक्षा ठेवतात.

दरम्यान साधनेही पालटली. डोमिना जॅल्बर्ट याने १९६० नंतरच्या दशकात शोधलेल्या, हवा भरून पंखाचा आकार घेणाऱ्या कापडी रचनेने गोल घुमटाला खेळातून जवळजवळ हद्दपार केले. गोल छत्री माणसाला उतरविते; चौकोनी छत्री उडते, वळते, आणि योग्य वेळी दोन्ही दोऱ्या खाली ओढल्यास क्षणभर थबकून त्याला अलगद पावलांवर ठेवते. परंतु बिघडलेली चौकोनी छत्री वेगाने गिरक्या घेते. म्हणून राखीव छत्री उघडण्यापूर्वी ती टाकून देणे आवश्यक ठरले. पूर्वी त्यासाठी दोन्ही खांद्यांवरील कळी वेगवेगळ्या सोडाव्या लागत, आणि एकच सुटल्यास माणूस दुसरीला लोंबकळत राही. बिल बूथ याने १९७० नंतरच्या दशकात योजिलेल्या तीन कड्यांच्या रचनेत मधली कडी मोठीतून व धाकटी मधलीतून अशी अडकविलेली असते. प्रत्येक कडीगणिक ताण घटतो, आणि शेवटचा बारीक फास एका मुठीच्या ओढीने दोन्ही खांद्यांवर एकदम सुटतो. घाबरलेल्या हाताकडून किती कामाची अपेक्षा करावी, ह्याचा हा नेमका अंदाज होता.

५

हातानेही दगा दिला तर काय, हा प्रश्न उरतोच. १६ नोव्हेंबर १९५९ रोजी कॅप्टन जोसेफ किटिंजर याने सुमारे ७६००० फुटांवरून उडी घेतली. स्थैर्यासाठी योजिलेल्या लहान छत्रीची दोरी त्याच्या मानेभोवती गुंडाळली गेली, तो गरगर फिरू लागला व बेशुद्ध झाला. आपोआप उघडणाऱ्या पॅराशूटने त्याला वाचविले. १९९१ च्या सुमारास हेल्मुट क्लोथ ह्या जर्मन संशोधकाने ‘सायप्रेस’ हे विद्युत्-उपकरण बाजारात आणल्यावर हे संरक्षण सामान्य खेळाडूच्या पाठीवर आले. हवेच्या दाबावरून ते उंची व वेग मोजीत राहते. सुमारे ७५० फुटांवरही वेग ताशी ७८ मैलांहून अधिक असेल, तर राखीव छत्रीला बंद ठेवणारा फास ते कापते. त्या उंचीवरून मोकळा पडणारा माणूस सुमारे चार सेकंदांत जमिनीवर पोचला असता. हे यंत्र दुसरी संधी देत नाही. पहिली संधी वाया गेल्यानंतरचा शेवटचा अवकाश ते वापरते. बिघडलेली छत्री अर्धवट उघडी असून वेग मर्यादेखाली राहिला, तर ते स्वस्थ बसते, कारण त्याला वेग कळतो, संकट कळत नाही.

यंत्राच्या ह्या मर्यादेपलीकडेही एक मर्यादा आहे. २७ ऑगस्ट १९६७ रोजी ओहायोमध्ये एका विमानातून, खाली ढग असताना, अठरा जणांनी उडी घेतली. जमिनीवरील नियंत्रकाने रडारवर दुसरेच विमान त्यांचे समजून स्थान सांगितले होते. ढगांखाली ईरी सरोवर होते. त्यांपैकी सोळा जण बुडून मरण पावले. त्यांना मारले ते पॅराशूटने नव्हे, न दिसणाऱ्या जमिनीविषयीच्या गृहीताने.

आणखी एक वळण अलीकडील काळातील आहे. उघडण्याचे संकट आटोक्यात आले तसे खेळाडूंनी लहान व वेगवान छत्र्या पसंत केल्या. परिणामी, निर्दोष उघडलेल्या छत्रीखाली जमिनीजवळ तीव्र वळण घेऊन मरणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय झाले. साधन जितके सुरक्षित होते तितके अधिक धोके माणूस पत्करतो, अशा आशयाचे निरीक्षण तीन कड्यांच्या जनकानेच, म्हणजे बूथनेच, नोंदविले आहे. कॉकिंगचा धडा येथे नव्या रूपात पुन्हा भेटतो.

६

ह्या इतिहासातून नवशिक्याच्या शिक्षणाची काही तत्त्वे आपोआप सिद्ध होतात. उंचीचे भान हे पहिले तत्त्व होय. अमेरिकन संघटनेच्या नियमानुसार पहिल्या श्रेणीच्या परवानाधारकाने ३००० फुटांपर्यंत मुख्य छत्री उघडली पाहिजे. बिघाड झाल्यास विद्यार्थ्याने २५०० फुटांपर्यंत निर्णय घेतला पाहिजे. हे आकडे पाठ करून भागत नाही. टाकून देण्याची मूठ व राखीव छत्रीची मूठ, ह्या क्रमाने हात जमिनीवर शेकडो वेळा गेला पाहिजे, कारण हवेत तो विचार करून जात नाही. दुसरे तत्त्व छत्रीच्या निवडीचे. साहित्यासह माणसाचे वजन १८० पौंड असल्यास छत्रीचे क्षेत्र निदान १८० चौरस फूट असावे, म्हणजे चौरस फुटास एक पौंडाहून अधिक भार पडू नये. मोठी छत्री चूक सहन करते, लहान छत्री ती वाढविते. तिसरे तत्त्व तपासणीचे. राखीव छत्री अधिकृत रिगरकडून ठरावीक मुदतीत, अमेरिकेत १८० दिवसांत, पुन्हा बांधून घ्यावी. छातीचा पट्टा, पायांचे पट्टे व तिन्ही कड्या प्रत्येक उडीपूर्वी स्वतः पाहाव्या व दुसऱ्याकडून पाहून घ्याव्या. चौथे तत्त्व नकाराचे. खाली ढग असेल, वारा अधिक असेल, स्थानाविषयी संशय असेल, तर विमानातून विमानानेच उतरावे.

दोरी, हात आणि यंत्र ह्यांपैकी कोणीही दुसऱ्याला निरुपयोगी केलेले नाही. लष्कर अद्यापि दोरी वापरते, खेळाडू हात वापरतो, आणि त्या हाताच्या मागे यंत्र उभे असते. यंत्र आहे म्हणून हाताचे शिक्षण कमी केले तर चालेल, असा निष्कर्ष मात्र ह्या इतिहासातून निघत नाही. १९२२ च्या त्या ऑक्टोबरात हॅरिसपाशी त्या काळचे उत्तम पॅराशूट होते. कमी होती ती एकाच गोष्टीची : हाताला कडीची ओळख नव्हती.