जठराची जखम : तिचा शोध व तिचा बोध

पोटात आग पडली की मराठवाड्यातला माणूस म्हणतो, ‘पित्त झाले.’ या शब्दामागे मोठी परंपरा आहे. माधवनिदान या प्राचीन ग्रंथात अम्लपित्ताचा स्वतंत्र अध्याय असून आंबट ढेकर, मळमळ, घशाशी जळजळ, अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे तेथे सांगितली आहेत. निरीक्षण अचूक होते; परंतु जिवंत माणसाच्या जठराचे अस्तर पाहण्याचे साधन तेव्हा नव्हते.

ती संधी १८२२ साली अमेरिकेत एका अपघाताने आली. बंदुकीचा बार लागून सेंट मार्टिन नावाच्या मजुराच्या जठराला भोक पडले आणि ते कायमचे उघडे राहिले. बोमाँट या लष्करी वैद्याने त्यातून कित्येक वर्षे निरीक्षण करून १८३३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. दारूच्या अतिरेकानंतर अस्तर लाल होऊन त्यावर चट्टे उठलेले त्याने पाहिले. रोगी मात्र दुखत नाही म्हणत होता! जखम आणि वेदना यांचे प्रमाण जुळतेच असे नाही, हा धडा आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो.

पुढे सूक्ष्मदर्शकाने त्याचा खुलासा केला. दाहात अस्तरामध्ये पांढऱ्या पेशी गोळा होतात. वरचा थर झडला की ती झीज. ती खालचा पातळ स्नायुथर ओलांडीत नाही, म्हणून वण न ठेवता भरते. तो ओलांडला की व्रण होतो. दाह वर्षानुवर्षे टिकला तर पाचक ग्रंथी झिजतात व आतड्यासारख्या पेशी तेथे येतात. त्यातून क्वचित कर्करोग उद्भवतो.

दोष चिंतेचा व तिखटाचा, असे दीर्घकाळ मानले गेले. १९८२ साली ऑस्ट्रेलियात वॉरन व मार्शल यांनी या दाहाशी निगडित जंतू शोधला. मार्शल यांनी १९८४ साली तो स्वतः पिऊन दाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आज अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हा हे ज्ञान ग्रंथात राहू नये. याच बीड जिल्ह्यातून हजारो माणसे दरसाल ऊसतोडीला जातात. दुखऱ्या कंबरेसाठी उपाशीपोटी वारंवार घेतलेली वेदनाशामक गोळी अस्तराचे संरक्षण काढून घेते. आणि तीच गोळी जठराची वेदनाही झाकू शकते. शौचास डांबरासारखे काळे झाले, तर दुखत नसले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सेंट मार्टिनच्या उघड्या जठराने जगाला शिकविले ते एवढेच.