जरीकांठी सान्सेव्हिएरिया

शहरांतील सज्जांत आणि बंगल्यांच्या पायऱ्यांलगत तलवारीसारख्या उभ्या पानांचें एक झाड हटकून आढळतें. पानावर गडद-फिकट हिरवे आडवे पट्टे, आणि दोन्ही कडांना जरीच्या किनारीसारखा पिवळा कांठ. शास्त्रांत तें सान्सेव्हिएरिया, रोपवाटिकेंत ‘स्नेक प्लँट’. आठवडे लोटले तरी पाण्यासाठीं तें रुसत नाहीं. म्हणूनच कदाचित् त्याच्याकडे कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं.

या झाडाचें एक भावंड भारतांत फार पुरातन आहे, तें म्हणजे मूर्वा. तिच्या पानांतील चिवट धाग्यांची धनुष्याची दोरी होई. प्रत्यंचेला संस्कृतांत ‘मौर्वी’ म्हणतात तें त्यामुळेंच. मनुस्मृतीनें क्षत्रिय बटूची मेखला मूर्वेचीच सांगितली आहे. मूर्वा म्हणजे नेमकी कोणती वनस्पति याविषयीं एकमत नाहीं. कित्येक मोरवेलीकडे बोट दाखवितात. परंतु दोरीचाच विचार करावयाचा तर सान्सेव्हिएरियाचा पक्ष अधिक बळकट दिसतो.

पिवळ्या कांठाची जात मात्र आफ्रिकेची. तिच्या साध्या, बिनकांठी प्रकाराला ‘ट्रायफॅसियाटा’ हें शास्त्रीय नांव मिळालें तें १९०३ सालीं, आणि तेंहि आफ्रिकेंत नव्हे, तर बंगालमध्यें! कलकत्त्याजवळ शिवपूरच्या वनस्पति-उद्यानाचे अधीक्षक डेव्हिड प्रेन यांनीं ‘बेंगॉल प्लँट्स’ या ग्रंथांत तिचें वर्णन केलें. त्याच सुमारास बेल्जियमचे वनस्पतिशास्त्रज्ञ एमिल लोराँ कांगोच्या खोऱ्यांत हिंडत होते. तो अफाट मुलूख तेव्हां राजा दुसरा लिओपोल्ड याची जणूं खाजगी जहागीर होता. रबरासाठीं तेथील प्रजेवर चाललेल्या जुलमांचा रॉजर केसमेंट यांचा अहवाल १९०४ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीं लोराँ मायदेशीं परततांना समुद्रप्रवासांत वारले. त्यांनीं शोधलेल्या पिवळ्या कांठाच्या झाडाला एमिल द वील्डमन यांनीं त्याच वर्षीं लोराँचें नांव दिलें. रबर आणि हस्तिदंत यांच्याबरोबर त्या दुर्दैवी भूमींतून युरोपांत आलेली ही एक निरुपद्रवी वस्तु. पुढें १९१५ सालीं क्यू येथील एन्. ई. ब्राउन यांनीं ती प्रेन यांच्याच जातीचा एक प्रकार ठरविली. २०१७ सालीं तर ही जात ‘ड्रसीना’ या गणांत गेली. पण बागाइतदार अद्याप जुनेंच नांव चालवितात.

तें झाड तहान कसें सोसतें याचें उत्तर रात्रीं मिळतें. बहुतेक झाडें दिवसा पानांचीं रंध्रें उघडतात आणि त्यांतून पाणी उडून जातें. हें झाड रात्रीच्या गारव्यांत हवेंतील कर्बवायु घेतें, आम्लरूपानें सांठवितें आणि दिवसा रंध्रें मिटून त्यावर आपलें अन्न तयार करितें. या क्रियेचा एक धागादोरा भारतांतच सांपडला होता. कंपनी सरकारच्या नोकरींत राहिलेले बेंजामिन हाइन यांनीं १८१३ सालच्या एका पत्रांत लिहिलें कीं, पानफुटीचें पान सकाळीं आंबट लागतें आणि दुपारीं बेचव!

आतां कांठाविषयीं. या झाडाच्या पानाचा तुकडा वाळूमिश्रित मातींत खोवला कीं मुळें फुटतात, सावकाश नवें रोपहि येतें. पण त्याचीं पानें निखालस हिरवीं! याचें कारण जर्मन शास्त्रज्ञ एर्विन बाउर यांच्या १९०९ सालच्या जिरेनियमवरील संशोधनामुळें उमगलें. अशा झाडाच्या अंकुरांत दोन वंशांच्या पेशी एकावर एक थरांनीं नांदतात. एका थरांत हरितद्रव्य असतें, दुसऱ्यांत नसतें. पानाच्या कडेला हा दुसरा थर प्रबळ होतो आणि तेथें पिवळेपण दिसतें. पानाच्या तुकड्यांतून फुटणारा कोंभ मात्र आंतल्या हिरव्या पेशींचा असतो.

म्हणून ज्याला कांठ राखावयाचा असेल त्यानें पानाला हात लावूं नये. कुंडी उपडी करून मातींतलें आडवें, जाड खोड कोंभासह धारदार सुरीनें तोडावें, काप दोन दिवस सावलींत सुकूं द्यावा, मग निचऱ्याच्या मातींत लावावा आणि पाणी बेतानेंच घालावें. पावसाळ्यांत कुंडी वळचणीखालीं ठेवावी. हें झाड कोरडेपणानें सहसा मरत नाहीं, कुजून मरतें.