शूर्पारक : नाशिकच्या वाटेवरचे प्राचीन बंदर

पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील नालासोपारा हे नाव आज उपनगरी रेल्वेच्या गर्दीशी जोडले गेले आहे. याच सोपाऱ्याला महाभारतात शूर्पारक, पाली ग्रंथांत सुप्पारक, तर ग्रीक लेखनात सुप्पारा म्हटले आहे. पश्चिम किनाऱ्यावरील अतिप्राचीन बंदरांत त्याची गणना होते.

दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा आणि या दोहोंना जोडणाऱ्या खाडीच्या काठी सोपारे, अशी त्याची जागा होती. खुल्या समुद्रापासून आत असल्याने गलबतांना आसरा मिळे. येथून माल थळ घाटाने सह्याद्री चढून गोवर्धन, म्हणजे नाशिक परिसर, आणि पुढे प्रतिष्ठान (पैठण) येथे जाई. आजचा मुंबई-आग्रा महामार्गही कसाऱ्याजवळ याच घाटाने वर येतो.

या संबंधाचा बोलका पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातील लेखात आपली दाने नोंदविली आहेत. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग या चार ठिकाणी त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्या. तापी, दमण, डहाणू आदी नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्या. शोर्पारगासह अन्य ठिकाणच्या चरकांच्या परिषदांना नानंगोल गावातील ३२,००० नारळीची झाडे दिली. दान धार्मिक खरे, पण त्याचा नकाशा व्यापारी मार्गाचाच आहे!

हा मार्ग सातवाहन व क्षत्रप यांच्यातील संघर्षाचे कारण ठरला. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात सुप्पाराची नोंद आहे. शेजारच्या कल्याणला आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही तो सांगतो. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटविला होता.

१८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरुड राजाचा कोट’ या टेकाडाचे उत्खनन केले, तेव्हा आत स्तूप निघाला. दगडी पेटीत तांबे, चांदी, दगड, स्फटिक व सोने यांचे एकात एक बसविलेले करंडक होते. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भिक्षापात्राच्या खापऱ्या होत्या. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला सापडला.

अरब लेखकांच्या काळापर्यंत सुबारा नावाने बंदर ज्ञात होते. मात्र खाडी गाळाने भरत गेली. समुद्रापासून सुमारे १०० किलोमीटर आत असलेले जर्मनीतील हॅम्बुर्ग एल्ब नदीतील गाळ सतत उपसून आजही मोठे बंदर राहिले आहे. सोपाऱ्याला ते भाग्य लाभले नाही. पोर्तुगीज काळात महत्त्व वसईकडे गेले. खाडीचे पात्र उथळ झाले असून स्तूपाच्या परिसराला आता दाट वस्तीने वेढले आहे.