वल्ह्याआधी वाटाड्या

खानदेशास समुद्र नाही. पण समुद्राकडे जाणारी वाट आहे. मुलताईस उगम पावणारी आपली तापी ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतेपलीकडे समुद्रास मिळते. आज आपल्याकडील तरुण मंडळी सुट्टीत कोकणात जातात आणि कयाक नावाच्या अरुंद, एकदोघांच्या होडीतून किनाऱ्याकिनाऱ्याने वल्हवत जाण्याचा बेत करतात. बेत उत्तम आहे. परंतु होडी, नकाशा आणि उत्साह एवढ्याच शिदोरीवर तो करावा काय, या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने पूर्वीच देऊन ठेवले आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' हा ग्रीक प्रवासग्रंथ पाहा. भडोचास येणारी परदेशी जहाजे नर्मदेच्या मुखाशी अडखळत. वाळूचे उथळे आणि भरतीचा प्रचंड लोंढा यांपुढे कसलेले खलाशीही हतबल होत. म्हणून राजाच्या चाकरीतील स्थानिक कोळी लांब होड्या घेऊन सामोरे जात, आणि भरतीबरोबर जहाज पुढे नेत, ओहोटी लागताच ठराविक जागी नांगरीत. अर्धे जग ओलांडून आलेला नाखवा शेवटच्या काही कोसांसाठी गावच्या कोळ्याच्या हाती सुकाणू देई, आणि त्यात त्यास कमीपणा वाटत नसे.

तापीचीही तीच कथा. सतराव्या शतकात बऱ्हाणपूरहून खानदेशमार्गे सुरतेस माल जाई; पण नदीचे मुख उथळ, म्हणून इंग्रजांची मोठी जहाजे बाहेर सुवाळीस थांबत. मोठेपणा तेथे कामास येत नसे.

लहान होडीचे सामर्थ्य पाहावयाचे असेल तर १६७९ साली खांदेरीस जावे. शिवाजी महाराजांनी त्या बेटावर किल्ला बांधावयास घेतला आणि इंग्रजांनी वेढा घातला. परंतु मराठ्यांच्या वल्ह्यांच्या होड्या रात्री थळच्या किनाऱ्यावरून निघत आणि उथळ पाण्यातून रसद पोहोचवीत. इंग्रजांच्या जड जहाजांस तेथे पाठलाग करता येईना. तोफा त्यांच्याकडे जास्त होत्या. पाण्याची ओळख मराठ्यांकडे जास्त होती. किल्ला उभा राहिला.

ही ओळख म्हणजे गूढ विद्या नव्हे. तिचा एक हिशेब आपल्या भिंतीवरील पंचांगातही सापडतो. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर तिथीस तिनाने गुणून चाराने भागले की पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे निघते. चतुर्थीस भरती तीनच्या सुमारास, आणि तीच गोष्ट दिवसा व रात्री दोन्ही वेळा. ओहोटी नवाच्या सुमारास. म्हणजे चतुर्थीस खाडीत आत जाणाऱ्याने सकाळी नवानंतर निघावे. पाणीच त्यास आत नेईल आणि तीननंतर बाहेर आणील. अमावास्या-पौर्णिमेस उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हेही ध्यानी धरावे.

पण हिशेब म्हणजे सर्वस्व नव्हे. हीच रीत तापीच्या मुखाशी लागू पडत नाही. भावनगरकडे उधाणास पाणी १० मीटरहून अधिक चढते. मालवणकडे त्याच्या सुमारे चौथाई. पहाटेचा मतलई वारा होडीस नकळत किनाऱ्यापासून दूर नेतो आणि दुपारी खारा वारा जोर धरतो. तो वारा खाडीतून बाहेर पडणाऱ्या ओहोटीस समोरून भिडला की मुखाशी लाटा उभ्या राहतात. पाण्याखालचे खडक कोठे आहेत आणि वादळात होडी कोठे लावावी, हे तेथला तांडेलच सांगेल. पावसाळ्यात तर तो स्वतःच होडी ओढून घेतो आणि नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करून मगच पुन्हा पाण्यात लोटतो.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. पाण्यापासून दूर वाढलेल्या आपणां सर्वांस त्या दिवसाने सावध करावयास हवे. तापीचा पूर ओळखणारा खानदेशी माणूस परक्यास विचारल्यावाचून पात्रात उतरू देत नाही. समुद्रकिनारी आपण ते परके असतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, बेताचा पहिला दिवस वल्हवण्यासाठी ठेवू नये. तो कोळीवाड्यात बसून विचारण्यासाठी ठेवावा. आणि तांडेलाने 'आज नको' म्हटले, तर तो दिवस किनाऱ्यावर काढावा.