नव्या काबिजादीची स्मरणवर्षे

गोमंतकाच्या इतिहासाविषयी बोलताना वक्ते आणि लेखक एक वाक्य हमखास उच्चारतात, ते असे की, पोर्तुगिजांनी या भूमीवर साडेचारशे वर्षे राज्य केले. तिसवाडीपुरते हे वाक्य यथार्थ आहे. आफोंस द आल्बुकेर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवे शहर कायमचे हस्तगत केले आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी ती सत्ता मावळली. परंतु पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या माणसानेही तेच वाक्य निःशंकपणे म्हणावे, यात त्याच्या स्वतःच्या गावचा इतिहास पुसला जातो, असे आम्हांस वाटते. साधी वजाबाकी करून पाहावी. डिचोली पोर्तुगिजांकडे गेली ती ऑगस्ट १७८१ मध्ये, आणि पेडणे महाल २९ जानेवारी १७८८ च्या तहाने. म्हणजे डिचोलीत ती राजवट एकशे ऐंशी वर्षे टिकली, तर पेडण्यात तिची एकशे चौऱ्याहत्तरही पुरी झाली नाहीत. तिसवाडी आणि पेडणे यांच्या पंचांगांत पावणेतीनशे वर्षांचे अंतर आहे.

ही पावणेतीनशे वर्षे या महालांनी स्वस्थ बसून काढली नाहीत. जुन्या काबिजादीत देवळे पडू लागली तेव्हा नदीपलीकडचा डिचोली महाल हेच आश्रयस्थान ठरले. दिवाडी बेटावरील श्रीसप्तकोटीश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे आराध्य दैवत. त्याच्या वरप्रसादाचा उल्लेख ते आपल्या नाण्यांवर मोठ्या अभिमानाने करीत. सोळाव्या शतकाच्या मध्यास ते देवालय पोर्तुगिजांनी जमीनदोस्त केले. पुढे भाविकांनी लिंग नदीपार आणून नार्व्यास स्थापिले. तेथील देवालयाच्या दारावरचा शिलालेख सांगतो की, शके १५९०, कीलक संवत्सरी, कार्तिक वद्य पंचमीस श्रीशिवरायांच्या आज्ञेने या देवालयाच्या कामास प्रारंभ झाला. इतिहासग्रंथांत या तिथीची तारीख १३ नोव्हेंबर १६६८ अशी दिलेली असते. ही गणना जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीची होय, आणि इंग्रज तेव्हा तीच वापरीत. पोर्तुगिजांनी मात्र ग्रेगरियन पंचांग सोळाव्या शतकातच स्वीकारले होते. त्यामुळे नार्व्यास पायाभरणी होत असता समोरच्या दिवाडीवरील पाद्र्यांच्या पंचांगात तो दिवस २३ नोव्हेंबरचा होता! होडीने क्षणात ओलांडावी एवढीशी नदी. पण तिच्या दोन तीरांवर काळही निरनिराळा मोजला जात होता. ज्या देवाचे मूळ स्थान शत्रूने मोडले, त्याचे नवे देऊळ शत्रूच्या डोळ्यांसमोर बांधावयास घेणे, यात केवळ भक्ती नव्हती, राजकारणही होते, असे आमचे मत आहे. या शिलालेखास २०१८ साली साडेतीनशे वर्षे झाली, आणि अलीकडच्या जीर्णोद्धारानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये देवालय भक्तांस पुन्हा खुले झाले.

पेडणे महालातील हळर्ण गावाचे स्मरणवर्ष १७४६ हे होय. शापोरा नदीकाठचा तेथील किल्ला वाडीकर सावंतांचा. त्या वर्षी ५ मे रोजी पोर्तुगीज व्हाइसराय, आसुमारचा काउंट, याने तो जिंकून घेतला. या विजयाचे मोल लिस्बनच्या दरबारास एवढे वाटले की, पुढे त्यास ‘मार्केझ द आलोर्न’ अशी पदवी बहाल झाली. त्याची नात लेओनोर द आल्मैद (१७५०–१८३९) ही पोर्तुगीज साहित्यात कवयित्री म्हणून नावाजली, आणि आलोर्नची मार्केझा याच नावाने ती तेथे आजही ओळखली जाते. पोर्तुगालातील रसिकांच्या ओठी असलेले हे नाव पेडण्यातील एका खेड्याचे आहे, हे खुद्द हळर्णातील कितीजणांस ठाऊक असेल?

हा मुलूख पुढे पुन्हा वाडीकरांकडे आला, आणि १७८८ साली कायमचा गेला. तो कसा गेला हे ध्यानी घेण्याजोगे आहे. करवीरकरांशी चाललेल्या कलहाने जेरीस आलेल्या खेम सावंतांना पोर्तुगिजांची मदत हवी होती. तिचे मोल म्हणून पेडणे महाल त्यांनी तहाने तोडून दिला. ‘काबिजाद’ म्हणजे जिंकलेला प्रदेश. पण पेडण्यावर तलवारीपेक्षा कागदाचाच अंमल अधिक झाला. या नव्या प्रदेशातील प्रजेच्या धर्मास व देवळांस धक्का लावणार नाही, असे अभिवचन पोर्तुगिजांस द्यावे लागले, आणि येथील चालीरीतींची स्वतंत्र संहिताही १८५३ साली झाली. येथील शिरगावची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीस आणि पेडण्याची पुनव कोजागिरीस अखंड भरत राहिली, घराघरांतले व्यवहार मोडी लिपीतील मराठीत होत राहिले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात एकंदर गोव्याने विलीनीकरण नाकारले असता पेडणे-डिचोलीचा कल मात्र त्याच्या बाजूने होता. तो योग्य की अयोग्य, हा वाद येथे उकरून काढावयाचा नाही. परंतु त्या कलाचे मूळ १७८८ च्या आधीच्या शतकांत शोधावे लागते, एवढे निश्चित. या तहास २०३८ साली अडीचशे वर्षे पुरी होतील.

तहाने ओढलेल्या त्या रेषेने एकाच वाडीकर मुलखाचे दोन भाग केले. अलीकडे माहेर, पलीकडे सासर, आणि मध्ये जकातनाका. स्वतंत्र भारतात सावंतवाडी संस्थान विलीन झाल्यावर हीच रेषा दोन राष्ट्रांची सरहद्द बनली. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेद आफोन्स यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकविला. पुढच्या वर्षी त्याच दिवशी निःशस्त्र सत्याग्रही सरहद्द ओलांडू लागले तेव्हा पोर्तुगीज सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पत्रादेवीस पंजाबचे कर्नेलसिंग पडले, तेरेखोलास पनवेलचे हिरवे गुरुजी पडले. ज्या रेषेवर त्यांचे रक्त सांडले ती तेव्हा अवघी एकशे सदुसष्ट वर्षांची होती. पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक तिच्याच कडेला उभे आहे.

शेवटची तारीखही या भागाची निराळीच. भारतीय सेनेने सरहद्द ओलांडली तेव्हा माघार घेणाऱ्या पोर्तुगिजांनी डिचोली, अस्नोडा आणि शापोरा येथील पूल १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे उडवून दिले. वास्कोत शरणागतीचा कागद झाला तो दुसऱ्या दिवशी, १९ तारखेस. शासकीय मुक्तिदिन तोच; पण डिचोली महालात भारतीय सेनेची पावले त्याच्या आदल्याच दिवशी उमटली होती.