चार चाकांचे भांडण

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर भाच्याचा अमेरिकेतून फोन आला. उत्तरेकडच्या एका बर्फाळ भागात तो नुकताच नोकरीला लागला आहे. कचेरी घरापासून पंचवीस मैलांवर, रस्ता डोंगरातला, आणि बायकोला दिवस गेलेले. ‘‘मामा, जुनी का होईना, पण चारही चाकांना जोर देणारी गाडी घ्यावी म्हणतो. इथले लोक मात्र म्हणतात, जितके भाग जास्त तितके बिघाड जास्त. एकदा गिअरबॉक्स गेला की माझी शिल्लक संपली. काय करू?’’

मी काही मिस्त्री नव्हे. जुन्या मोटारींचा इतिहास वाचायचा नाद आहे, एवढेच. पण भाच्याची शंका त्या इतिहासाइतकीच जुनी आहे.

साध्या मोटारीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. ती चिखलात रुतली की जागच्या जागी गरगरतात आणि उरलेली दोन नुसती बघत बसतात. मग चारही चाकांना जोर का देऊ नये? हॉलंडमधल्या स्पायकर बंधूंनी १९०३ मध्ये तशी पेट्रोलवर चालणारी मोटार करून दाखवली. कल्पना सोपी, अडचण वळणावरची. शाळेत कवायतीला रांग वळते तेव्हा बाहेरच्या मुलाला जास्त पावले टाकावी लागतात आणि आतला जवळजवळ जागेवरच फिरतो. मोटारीचेही तसेच. वळताना पुढची चाके मोठा फेरा घेतात, मागची लहान. पुढची-मागची जोडी एकाच दांड्याने जखडली, तर एक म्हणते मला जास्त फिरायचे आहे, दुसरी म्हणते मला कमी. चिखलात एखादे चाक थोडे घसरते आणि भांडण मिटते. कोरड्या डांबरी रस्त्यावर घसरायला वाव नसतो. सगळा पीळ दांड्यांत आणि गिअरच्या दात्यांत साठत जातो. टायर झिजतात, नाहीतर काहीतरी तुटते.

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपने यावर साधा तोडगा काढला. अमेरिकी सैन्याने १९४० च्या उन्हाळ्यात १३५ कारखान्यांना विचारणा केली आणि नमुना गाडीसाठी मुदत दिली ४९ दिवसांची! बँटम नावाच्या छोट्या कंपनीने ती पाळली. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. जीपमध्ये पुढच्या चाकांचा जोर तोडणारा एक दांडा होता. चिखल आला की जोडायचा, पक्का रस्ता लागला की सोडायचा. भांडण सोडवण्याचे काम चालकावर टाकून सैन्य मोकळे झाले. जीपची मजबुती सर्वांना ठाऊक आहे, पण ती या शिस्तीवरही अवलंबून होती. स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रांनी जीप जोडायला घेतली आणि तहसील कचेरीपासून साखर कारखान्यापर्यंत ती सगळीकडे दिसू लागली. पुढे आपल्याकडे वडाप करणाऱ्या कित्येक जीपा तर दोनच चाकांच्या जोरावर चालत. रूप जीपचे, पण तो दांडाच नाही. आणि त्या चालल्याच की!

घरगुती मोटारीत ही सोय आली ती जपानमधल्या वीज कंपनीच्या एका गरजेपोटी, आणि मला ती गोष्ट फार आवडते. ईशान्य जपानमधल्या तोहोकू भागात हिवाळ्यात बर्फाचे ढीग साचतात. तिथल्या वीज कंपनीच्या माणसांना तारांची पाहणी करायला डोंगरात जावे लागे, तेही जीपमधून कुडकुडत. १९७० च्या सुमारास कंपनीने मियागी इथल्या सुबारूच्या विक्रेत्याकडे मागणी केली, की बर्फात चालेल पण माणसाला बसवेल अशी गाडी द्या. तिथल्या लोकांनी सुबारूच्या साध्या गाडीला दुसऱ्याच कंपनीच्या मोटारीचे मागचे भाग जोडून नमुना केला. त्यातून १९७२ मध्ये लिओनीची चारही चाकांना जोर देणारी गाडी बाजारात आली. हिलाही चारही चाके जोडणारा दांडा होताच, म्हणजे कोरड्या रस्त्यावर तो सोडायची जबाबदारी पुन्हा चालकावर.

चालकाला त्यातून सोडवायचे, तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये आणखी एक डिफरेन्शियल हवे. १९७० ची रेंज रोव्हर, १९८० ची आउडी क्वात्रो या त्या वाटेने गेल्या. १९७९ मध्ये आलेल्या अमेरिकन ईगल मोटारीत मध्यस्थाचे काम सिलिकॉनच्या दाट द्रवाने केले. दोन्ही जोड्यांच्या वेगात थोडा फरक पडला तर तो द्रव सोसतो, फार पडला की त्यांना बांधून ठेवतो. चालकाला काही करावे लागत नाही.

पण वेगातला हा फरक कधीमधी पडावा, अशीच सगळी रचना असते. समजा, मालकाने एकच टायर बदलला आणि उरलेले झिजलेले तसेच ठेवले. नव्या टायरचा घेर किंचित मोटा, म्हणून सरळ रस्त्यावरही चाकांचे वेग जुळत नाहीत. मधला मध्यस्थ मैलोन् मैल राबत राहतो, तापतो आणि कधीतरी हात टेकतो. कंपनीच्या पुस्तकात चारही टायर सारखे ठेवा, असे बजावलेले असते. पण ते पुस्तक वाचतो कोण? एक पंक्चर आणि चार टायरचा खर्च, हे खिशाला पटत नाही.

उलट, गाडीचे नाव जाते ते पुष्कळदा भलत्याच कारणाने. सुबारूच्या अडीच लिटर इंजिनाचे हेड गॅस्केट गळते, अशी ओरड अमेरिकेत नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या गाड्यांपासून बरीच वर्षे होती आणि तिच्यात तथ्यही होते. हेड गॅस्केटचा आणि चार चाकांना जोर देण्याचा संबंध काय? काहीच नाही. पण ऐकणाऱ्याच्या मनात दोन्ही एकाच खात्यात जमा होते.

भाच्याला मी एवढेच सांगितले, की आधी इंजिनाची चौकशी वेगळी कर आणि चाकांची वेगळी. शिवाय चारही चाकांचा जोर बर्फातून निघायला कामी येतो, थांबायला नाही. ब्रेक प्रत्येक गाडीला चारच असतात, तेव्हा हिवाळी टायरचे पैसे आधी बाजूला काढ.

आठ दिवसांनी त्याचा पुन्हा फोन आला. एक गाडी त्याने जवळजवळ नक्की केली होती. रंग छान, आतून स्वच्छ, किंमत आवाक्यातली. निघता निघता तो खाली वाकला आणि टायरवरची नावे वाचली. चार टायर, तीन कंपन्यांचे. विकणाऱ्याला कारण विचारले, तर तो म्हणाला, ‘‘जसजसे फुटले तसतसे बदलले.’’

‘‘मग?’’ मी विचारले.

‘‘मग काय, मामा, बसने परत आलो. शनिवारी दुसरी बघायला जातोय.’’